‘घोडा किती मजेदार आहे!’ : ए. के. या रुग्णाच्या हसण्याचं प्रकरण

फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात एका पानात मावेल एवढं छोटं टिपण छापून आलं. लिहिणारे मेंदूशल्यतज्ज्ञ इत्झाक फ्रीड आणि त्यांचे तीन सहकारी. काम झालं होतं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये. रुग्ण सोळा वर्षांची मुलगी. टिपणात तिची ओळख ‘ए. के.’ एवढीच. तिच्या मेंदूच्या पृष्ठभागावर एका ठराविक जागी हलका विद्युतप्रवाह सोडला की तिला हसू यायचं. का हसलीस असं विचारलं की तिच्याकडे उत्तरही असायचं आणि ते दर वेळी निराळं असायचं.

हसण्याच्या शरीरशास्त्रावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण हसू शरीरात नेमकं कुठून उठतं, मजा वाटते म्हणून आपण हसतो की हसतो म्हणून मजा वाटते, आणि हसण्याचं जे कारण आपण सांगतो ते खरंच कारण असतं का, हे तिन्ही प्रश्न एका जागी आणणारं दुसरं इतकं स्वच्छ प्रकरण माझ्या वाचनात नाही. म्हणून ते सविस्तर मांडतो.

मेंदूवर इलेक्ट्रोड का बसवले होते

ए. के. ला अपस्माराचा त्रास होता आणि औषधांनी फिट्स आटोक्यात येत नव्हत्या. अशा रुग्णांमध्ये फिट मेंदूच्या ज्या भागातून सुरू होते तो भाग शस्त्रक्रियेने काढून टाकणं हा एक उपाय असतो. त्याआधी दोन गोष्टींची खात्री करावी लागते : फिट नेमकी कुठून उठते, आणि तिच्या आजूबाजूचा भाग कोणकोणती कामं करतो. बोलण्याचा किंवा हात हलवण्याचा भाग चुकून कापला गेला तर फिट्स थांबतील, पण माणूस अपंग होईल.

यासाठी कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर धातूच्या बारीक चकत्या बसवलेल्या पातळ पट्ट्या ठेवतात. रुग्ण काही दिवस वॉर्डातच राहतो, जागा असतो, बोलतो, जेवतो. चकत्यांमधून मेंदूची नोंद होत राहते. त्याच चकत्यांमधून उलट दिशेने थोडासा प्रवाह सोडला की त्या जागेचं काम कळतं. एखाद्या जागी बोट उडतं, एखाद्या जागी बोलता बोलता शब्द अडतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे प्रवाह दिल्याचं रुग्णाला जाणवतही नाही. त्या वेळी त्याच्याकडून साधी कामं करून घेतात : चित्र पाहून नाव सांग, हा उतारा वाच, अंगठा एकेका बोटाला लाव.

ए. के. कडूनही हीच कामं करून घेतली जात होती. हसण्याचा अभ्यास करावा असं कोणाच्या मनात नव्हतं. तिच्या फिट्समध्येही हसणं कधी आलेलं नव्हतं, आणि ही बाब महत्त्वाची आहे. नाहीतर हे हसू तिच्या आजाराचाच भाग असेल असं म्हणता आलं असतं.

काय घडलं

मेंदूच्या डाव्या बाजूला, ललाटखंडाच्या, म्हणजे कपाळामागच्या भागाच्या, वरच्या वळीवर, साधारण दोन सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद जागा सापडली. तिथे प्रवाह दिला की हसू येई, आणि ते पुन्हा पुन्हा येई. प्रवाह कमी असला तर नुसतं स्मित. वाढवला की हसणं फुटायचं, आणखी वाढवला की ते जास्त जोरात आणि जास्त वेळ चालायचं. हे हसणं बघणाऱ्यांनाही हसू यावं इतकं खरंखुरं होतं, अशी नोंद टिपणात आहे.

आणि तिला मजा वाटत होती. गंमत वाटल्याची, उल्हासाची भावना हसण्याबरोबरच येत होती, हे तिने स्वतः सांगितलं. चित्रांची नावं सांगताना हसली तेव्हा म्हणाली, घोडा मजेदार आहे. उतारा वाचताना हसली तेव्हा तिला उताऱ्यातला मजकूर गमतीचा वाटला. बोटांचा व्यायाम करताना समोर चित्र नव्हतं, मजकूरही नव्हता. तेव्हा ती भोवती जमलेल्या डॉक्टरमंडळींकडे बघून म्हणाली, तुम्ही लोक नुसते असे उभे आहात ना, फारच गमतीशीर आहात.

प्रवाह तोच, जागा तीच. बदललं ते फक्त समोर काय होतं एवढंच, आणि समोर जे होतं तेच दर वेळी कारण ठरलं.

मुलगी खोटं बोलत नव्हती. डॉक्टरांना खूश करण्यासाठी काहीतरी रचून सांगत होती, असं समजायलाही आधार नाही. त्या क्षणी तिला घोडा खरोखरच मजेदार दिसत होता. हे प्रकरण समजून घेताना ही गोष्ट हातची सुटू देऊ नये.

हसताना शरीरात काय चालतं

‘खो-खो हसली’ म्हणताना आपण जे दोन शब्दांत उरकतो, त्यात किती स्नायू एका वेळी कामाला लागतात हे पाहिलं म्हणजे दोन सेंटिमीटरच्या त्या जागेने काय साधलं ते लक्षात येतं.

चेहऱ्यावर दोन स्नायू मुख्य. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा झायगोमॅटिकस मेजर तोंडाचे कोपरे वर आणि मागे ओढतो. डोळ्याभोवती वर्तुळाकार असलेला ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली गाल उचलतो आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पाडतो. पहिला आपण म्हणू तेव्हा हलवता येतो. दुसऱ्याचा बाहेरचा भाग बहुतेकांना हुकमाने नीट आवळता येत नाही, म्हणून फोटोसाठी आणलेलं हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही. दोन्ही स्नायूंना सातव्या मेंदूतंतूतून, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून आज्ञा मिळते.

स्मिताचं हसणं होतं तेव्हा श्वास त्यात उतरतो. एक श्वास घेतला जातो आणि मग बाहेर जाणारी हवा छाती आणि पोटाच्या स्नायूंच्या झटक्यांनी तुकड्या-तुकड्यांनी फेकली जाते. हसण्याच्या आवाजाचं मोजमाप मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी केलं. ‘हा-हा-हा’ मधला एकेक ‘हा’ सुमारे ७५ मिलिसेकंदांचा असतो आणि एका ‘हा’च्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २१० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच. हा ताल माणसागणिक फारसा बदलत नाही. बोलताना आपण याच हवेचे लांब-आखूड तुकडे हवे तसे पाडतो, हसताना मात्र ताल आपल्या हातात राहत नाही. हवा इतकी बाहेर जाते की नेहमीच्या उच्छ्वासानंतर फुफ्फुसात जेवढी उरते त्याहून कितीतरी कमी उरते. ‘हसून हसून दम लागला’ ही अतिशयोक्ती नाही.

त्याच वेळी हातापायांचे स्नायू ढिले पडतात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या सेबास्तियान ओव्हरीम आणि सहकाऱ्यांनी पायातली एक प्रतिक्षिप्त क्रिया मोजून दाखवलं की मनापासून हसताना ती स्पष्ट दबते. मुरकुंडी वळते, हातातला कप सांडतो, भिंतीचा आधार घ्यावा लागतो, तो यामुळेच. नार्कोलेप्सी या झोपेच्या आजारात हे टोकाला जातं : विनोद ऐकून हसू आलं की काही रुग्णांचे गुडघेच मोडतात आणि माणूस पूर्ण शुद्धीत असताना खाली बसतो.

म्हणजे चेहरा, स्वरयंत्र, श्वास, पोट, हातपाय, अश्रुग्रंथी, सगळं एका तालात. हा ताल मेंदूच्या पृष्ठभागावर रचला जात नाही. तो रचणारी यंत्रणा खाली, मेंदूच्या देठात आहे, आणि वरून तिला फक्त ‘चल’ किंवा ‘थांब’ असा इशारा जातो. ए. के. च्या मेंदूत सापडलेली जागा अशा इशाऱ्याची होती.

तीच जागा का

ती जागा सप्लिमेंटरी मोटर एरिया नावाच्या भागात येते. हालचाल प्रत्यक्ष घडवणाऱ्या पट्ट्याच्या पुढे, मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या फटीलगत हा भाग असतो आणि हालचालीच्या तयारीत त्याचा मोठा वाटा असतो. याच फ्रीड यांनी १९९१ मध्ये या भागाचा अभ्यास छापला होता. त्यात काही रुग्णांनी सांगितलं होतं की हात हललेला नाही, पण तो हलवावा अशी ऊर्मी येते आहे. प्रवाह वाढवला की कधी कधी तीच हालचाल प्रत्यक्ष घडे. आधी ऊर्मी, मग कृती. ए. के. च्या बाबतीत आधी स्मित, मग हसणं. या सारखेपणामुळेच फ्रीड आणि सहकाऱ्यांनी मत मांडलं की स्मित आणि हसणं या एकाच रेषेवरच्या दोन जागा असाव्यात.

दुसरा पुरावा पक्षाघाताच्या वॉर्डात कुठेही बघायला मिळतो. डाव्या मेंदूच्या हालचालीच्या पट्ट्याला इजा झालेल्या माणसाला ‘दात दाखवा’ म्हटलं की तोंडाची उजवी बाजू हलत नाही. डाव्या बाजूला सगळं ओढलं जातं, चेहरा वाकडा दिसतो. पण त्याच वेळी नातू काहीतरी बोलला आणि आजोबांना मनापासून हसू आलं, तर दोन्ही गाल सारखे वर जातात. घरचे म्हणतात, बरे झाले की! बरे झालेले नसतात. हुकमाचा रस्ता बंद असतो आणि भावनेचा उघडा असतो. काही थोड्या रुग्णांत याच्या नेमकं उलट दिसतं : सांगितल्यावर दोन्ही बाजू व्यवस्थित हलतात, खरं हसू मात्र एकाच बाजूला उमटतं. अशा रुग्णांत इजा बऱ्याचदा मेंदूच्या खोल मध्यभागी असलेल्या थॅलॅमसला किंवा ललाटखंडाच्या आतल्या बाजूला, याच सप्लिमेंटरी मोटर एरियाच्या परिसरात असते. माकडांवरच्या अभ्यासात या भागातून चेहऱ्याच्या नसेच्या उगमापर्यंत थेट तंतू जातात हेही दिसलं आहे.

रस्ते दोन आहेत, आणि ए. के. ला दिलेला प्रवाह भावनेच्या रस्त्यावर पडला होता. पुढे २००६ मध्ये फ्रान्समधल्या एका गटालाही याच परिसरात प्रवाह दिल्यावर हसू आणि आनंद दोन्ही मिळाले.

कारण कोण पुरवतं

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतो तो घोडा.

ए. के. च्या आधी कितीतरी वर्षं मायकेल गझानिगा आणि जोसेफ लडू यांनी पी. एस. या रुग्णाचा अभ्यास केला होता. अपस्मारासाठीच त्याच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापलेला होता. त्याच्या उजव्या अर्धगोलालाच दिसेल अशा तऱ्हेने पडद्यावर ‘हस’ हा हुकूम क्षणभर दाखवला. तो हसला. का हसलास म्हणून विचारलं तेव्हा उत्तर देणार डावा अर्धगोल, कारण बोलण्याचं काम त्याचं, आणि त्याने तर तो शब्द पाहिलाच नव्हता. त्याने उत्तर दिलंच : तुम्ही लोक दर महिन्याला येऊन आमच्या चाचण्या घेता, काय पण पोटापाण्याचा धंदा आहे!

दोन वेगळे रुग्ण, दोन वेगळ्या शस्त्रक्रिया, आणि उत्तराचा साचा मात्र एकच. हसू आलं, खरं कारण ठाऊक नाही, म्हणून समोर दिसणारी माणसंच कारण झाली. ‘मला माहीत नाही’ असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. डाव्या अर्धगोलातल्या या सवयीला गझानिगांनी ‘दुभाष्या’ असं नाव दिलं : शरीराने जे केलं त्याचा अर्थ लावत बसणारी यंत्रणा.

पण दोघांत एक फरक आहे आणि तो मला निर्णायक वाटतो. पी. एस. ने हुकूम पाळला होता, त्याला गंमत वाटत होती की नाही ते आपण सांगू शकत नाही. ए. के. ला गंमत वाटत होती. तिच्या बाबतीत मेंदूने फक्त कारण जोडलं नाही, त्या कारणाला मजेदारपणाही चढवला. समोरच्या घोड्यात आधी काही विनोदी नव्हतं. प्रवाह सुरू झाल्यावर तो विनोदी झाला. विनोद वस्तूत असतो आणि तो आपल्याला ‘कळतो’ म्हणून हसू येतं, ही आपली नेहमीची समजूत. इथे उलटा प्रवास झालेला दिसतो.

हसू आहे, आनंद नाही

हसू आणि आनंद ही जोडी नेहमीच एकत्र येते असं मात्र नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात जन्मतः असलेल्या हॅमार्टोमा नावाच्या गाठीमुळे काही मुलांना हसण्याच्या फिट्स येतात. बाळ मधूनमधून आपलं आपण हसतं, घरचे म्हणतात किती हसरं आहे. मूल बोलायला लागल्यावर कधी कधी सांगतं की मला हसायचं नव्हतं. हे लक्षात यायला वर्षं जातात आणि तोवर उपचार लांबतो, म्हणून लहान बाळ एकाच पद्धतीने, कारणाशिवाय, वारंवार हसत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावंच. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या आरोयो आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची माहिती छापली. एका रुग्णाच्या फिट्स मेंदूच्या आतल्या, सिंग्युलेट भागाजवळून उठत होत्या. त्या रुग्णाला हसू यायचं, पण मजा वाटत नसे. दुसऱ्या दोघांच्या मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावर प्रवाह दिला तेव्हा हसूही आलं आणि मजाही वाटली.

पक्षाघात, मोटर न्यूरॉन डिसीज किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसनंतर काही रुग्णांना अनावर हसू किंवा रडू येतं. अंत्यविधीच्या घरात हसू फुटतं, साध्या बातमीवर हुंदके येतात. नातेवाईक लाजतात, रागावतात, बाहेर नेणं बंद करतात. याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात, आणि नैराश्यावरच्या काही औषधांचा त्यावर बराच उपयोग होतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडिन या जोडगोळीला अमेरिकेत २०१० मध्ये खास याच त्रासासाठी मान्यता मिळाली. घरातलं कोणी असं हसत असेल तर ‘वेड लागलं’ म्हणून सोडून देऊ नये.

याच विकाराच्या एका रुग्णाने ए. के. च्या प्रकरणावर प्रकाश टाकला आहे. २००१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात जोसेफ परवीझी, अंतोनियो दमासिओ आणि सहकाऱ्यांनी ५१ वर्षांच्या एका गृहस्थाचं प्रकरण दिलं. पक्षाघातात त्याच्या मेंदूच्या देठाला आणि लहान मेंदूकडे जाणाऱ्या वाटांना इजा झाली होती. हसण्या-रडण्याचे झटके कारणाशिवाय येत. पण हसणं बराच वेळ चाललं की शेवटी त्याला खरोखर मजेत असल्यासारखं वाटू लागे, आणि रडणं लांबलं की उदास. शरीर पुढे, भावना मागोमाग.

मग नुसतं हसून बघावं का?

मुंबईच्या अंधेरीत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला तिथे विनोद सांगत. विनोद लवकरच संपले, तेव्हा विनोदाशिवाय, ठरवून हसण्याची पद्धत आली. सकाळी बागेत हात वर करून हसणारी मंडळी आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसतात. ए. के. चं प्रकरण त्यांच्या बाजूने पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं, पण ते सरळ लागू पडत नाही. ठरवून हसणं हुकमाच्या रस्त्याने जातं. ए. के. च्या मेंदूत प्रवाह त्या रस्त्याने गेलाच नव्हता.

फ्रान्सच्या द्युशेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चेहऱ्याच्या स्नायूंनाच बाहेरून विजेचा स्पर्श दिला होता. एका म्हाताऱ्याच्या गालाचा स्नायू आकसून ओठ वर गेले, छायाचित्रात हसू दिसलं, पण ते हसू नकली आहे हे द्युशेन यांनीच लिहून ठेवलं. स्नायूवर वीज दिली तर नुसता आकार आला, आणि मेंदूच्या त्या जागेवर दिली तर आनंदही आला. दोन प्रयोगांत १३६ वर्षांचं अंतर आहे, पण ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

तरीही चेहऱ्यापासून मनाकडे काहीच जात नाही असंही नाही. दातांत पेन धरलं की तोंड हसल्यासारखं होतं आणि कार्टून जास्त मजेदार वाटतात, हे सांगणारा १९८८ चा प्रसिद्ध प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा केला तेव्हा तो परिणाम सापडला नाही. २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्याने आनंदाची भावना थोडीशी वाढली. पेनाच्या पद्धतीचा निकाल तिथेही धड लागला नाही. ‘थोडीशी’ हा शब्द सोडून कोणी दावा करत असेल तर विश्वास ठेवू नये. शिवाय बागेत चारचौघांबरोबर हसताना दुसऱ्याचं हसणं ऐकून खरं हसू येतं. क्लबचा फायदा झाला तर त्यात या संसर्गाचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

एका रुग्णावर किती भार टाकायचा

ए. के. एकटी आहे. तिचा मेंदू अपस्माराचा आहे. प्रवाह दिलेल्या जागेतून तो किती दूर पसरला, हे पृष्ठभागावरून कळत नाही. एका जागी हसू आलं म्हणजे ती ‘हसण्याची जागा’ ठरते, असं वर्तमानपत्रांतून छापून येतं, ते चूक आहे. हसू ललाटखंडात मिळालं, सिंग्युलेटमध्ये मिळालं, मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावरही मिळालं. हे एक जाळं आहे आणि त्यात शिरायला बऱ्याच वाटा आहेत, एवढंच नक्की म्हणता येतं.

आणि आपण रोज ज्या विनोदांना हसतो त्यांची कारणं सगळी मागाहून चिकटवलेली असतात, असंही या प्रकरणातून निघत नाही. विनोद कळायला भाषा लागते, आठवण लागते, अपेक्षाभंग लागतो. प्रवाहाने हे सगळं ओलांडून शेवटच्या टप्प्यालाच हात घातला. निघतं ते इतकंच, की ‘मला अमुकमुळे हसू आलं’ ही माणसाची साक्ष प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते, आणि ती चुकीची आहे हे त्याला आतून कधीच कळणार नाही.

या धाग्याचा उपचारात उपयोग होऊ लागला आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात केली बिजान्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये छापलेल्या कामात अपस्माराच्या एका तरुणीच्या मेंदूतल्या सिंग्युलम या तंतूंच्या जुडग्याला प्रवाह दिला. तिला हसू आलं, बरं वाटलं, भीती कमी झाली. नंतर तिच्यावर जागेपणी शस्त्रक्रिया करायची होती, कारण कापताना तिची भाषा तपासत राहणं गरजेचं होतं. कवटी उघडी असताना भूल उतरली आणि ती घाबरली. एरवी अशा वेळी झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि ते दिलं की भाषेची तपासणी होत नाही. डॉक्टरांनी प्रवाह सुरू केला. थोड्याच वेळात ती शांत झाली, चेष्टामस्करी करू लागली, आणि शस्त्रक्रिया चालू असताना विचारलेल्या प्रश्नांना तिने नीट उत्तरं दिली. आणखी दोन रुग्णांच्या मेंदूत त्याच जागी प्रवाह देऊन पाहिला, तेव्हा त्यांनाही तसंच बरं वाटलं.